खानदेशातील बालकर्करोग उपचार

मुलांचे बहुतेक कर्करोग टाळता येण्याजोगे नसतात. म्हणून सारी मदार वेळेत निदान आणि पूर्ण उपचारांवर. श्रीमंत देशांत ८० टक्क्यांहून अधिक मुले बरी होतात, अनेक गरीब देशांत ३० टक्केही नाहीत. २०३० पर्यंत जगभरात किमान ६० टक्के मुले वाचावीत, असे उद्दिष्ट जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये ठेवले.

खानदेशात (जळगाव, धुळे, नंदुरबार) पहिली अडचण निदानाची. रक्ताच्या कर्करोगात ताप येतो, पोर पांढरेफटक पडते, हाडे दुखतात. सातपुड्यातील आदिवासींमध्ये आढळणाऱ्या सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकारातही हेच होते. सिकलसेलचे कार्ड असलेले मूल अंगदुखीसाठी पुन्हा आले, की जुन्याच गोळ्या देऊन त्याची बोळवण होण्याचा धोका असतो. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) करून रक्ताची काच सूक्ष्मदर्शकाखाली नीट पाहिली, तर शंका तिथेच येते. उशिराचे सगळे खापर भगतावर फोडणे म्हणूनच अन्यायाचे.

निदान झाले की ‘टाटाला न्या’. परळचे टाटा रुग्णालय १९४१ पासूनचे. महात्मा फुले जन आरोग्य योजना उपचारांचा भार उचलते, रेल्वेतही सवलत मिळते. बुडालेल्या मजुरीला आणि गावी राहिलेल्या भावंडांना मात्र योजना नाही. लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगाचे उपचार दोन-तीन वर्षे चालतात. शेवटचा लांब टप्पा मुख्यतः गोळ्यांचा: मर्काप्टोप्युरिन रोज, मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा. केस परत आलेले, पोर खेळायला लागलेले. अशात दिवाळीनंतर घरचे ऊसतोडीला गुजरातकडे निघतात. सलग चार आठवडे खंड पडला, की उपचार सोडल्याची नोंद होते. टाटात निवासाची, पैशांची मदत आणि गैरहजर मुलांच्या घरी फोन सुरू झाल्यावर हे प्रमाण बरेच घटले.

केमोने (कर्करोगाच्या औषधांनी) रक्तातील पांढऱ्या पेशी उतरलेल्या असताना ताप आला, तर तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हायला हवे. सातपुड्यातल्या धडगावच्या मुलासाठी तेव्हा परळ कामाचे नाही. अवघड टप्पे मुंबईत, तर ताप, रक्त चढवणे, रक्तपेशींचा काउंट पाहणे जवळच्या रुग्णालयात, अशी वाटणी त्यासाठी लागते. तिन्ही जिल्ह्यांत आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. त्यांच्या बालरोग विभागात टाटाची उपचारपत्रिका वाचणारा एक डॉक्टर, प्रशिक्षित परिचारिका आणि प्लेटलेटची सोय एवढे असले तरी बरेच साधते. आहाराची जोडही हवी, कारण कुपोषित मुलाला केमो सोसत नाही आणि जंतुसंसर्ग लवकर गाठतो.