देव मानण्याची आणि न मानण्याची कारणं

देव आहे की नाही हा एक प्रश्न, आणि माणसं देव का मानतात किंवा का मानत नाहीत हा दुसरा. या दोघांची गल्लत सारखी होते. विचारलं तर माणूस कारणं देतो, पण त्याचा विश्वास (किंवा अविश्वास) बहुतेक वेळा त्या कारणांच्या आधीच तयार झालेला असतो, आणि हे आस्तिक नास्तिक दोघांनाही सारखंच लागू आहे.

सुरुवात बहुतेकांची घरातूनच होते. पण नुसतं सांगितलं म्हणून मुलं देव मानायला लागतात असं नाही, मोठी माणसं त्यासाठी स्वतः काय सोसतात, वेळ देतात का, उपास करतात का, हे मुलं बघत असतात. मानववंशशास्त्रज्ञ जोसेफ हेनरिक यांनी २००९ मध्ये हीच गोष्ट थिअरी म्हणून मांडली, की बोलण्यापेक्षा किंमत मोजून केलेली कृती समोरच्याला पटते. उलट ज्या घरात तोंडाने देवाचं नाव आहे पण वागण्यात काहीच नाही तिथली मुलं मोठी झाल्यावर सहज बाहेर पडतात. मला तरी हे बाकीच्या बऱ्याच कारणांपेक्षा जास्त वजनदार वाटतं.

दुसरं कारण मनाच्या घडणीतलं. अंधारात आवाज आला की आपल्याला आधी वाटतं कोणीतरी आहे, मग कळतं की वारा होता. घडणाऱ्या गोष्टीमागे कोणाचा तरी हेतू शोधायची ही सवय माणसात खूप खोल आहे आणि देवाची कल्पना तिथे पटकन रुजते असं बरेच अभ्यासक म्हणतात. त्यात अनिश्चितता आली की माणूस अजून तिकडे वळतो. मानववंशशास्त्रज्ञ मॅलिनोव्स्की पहिल्या महायुद्धाच्या काळात पॅसिफिकमधल्या ट्रोब्रिअंड बेटांवर राहिला होता, तिथे त्याला दिसलं की आतल्या शांत खाडीत मासेमारी करताना लोक मंत्रतंत्र काहीच करत नाहीत, तिथे हाताच्या कौशल्यावर भागतं, पण खुल्या समुद्रात जिथे जीवाला धोका आहे आणि मासा मिळेल की नाही तेही माहीत नाही तिथे मात्र सगळे विधी व्यवस्थित पार पाडतात. हे देवापेक्षा जादूबद्दलचं निरीक्षण आहे, पण भीती आणि विधी यांचं नातं त्यातून स्वच्छ दिसतं. फक्त यावरून देव खोटा असं कोणी म्हणत असेल तर ते लॉजिक चुकीचं आहे, कारण एखादा विश्वास कसा आला हे कळल्याने तो खरा की खोटा हे ठरत नाही.

आता युक्तिवाद. सगळ्यात जुना आणि अजूनही सगळ्यात पटणारा म्हणजे जगाला कोणीतरी कर्ता असणारच हा. न्यायदर्शनातल्या उदयनाचार्यांनी तो घटाच्या उदाहरणाने मांडला, मडकं हे कार्य आहे म्हणून त्याला कुंभार लागतो, जगही कार्य आहे म्हणून त्यालाही कर्ता हवा. युरोपात विल्यम पेली या इंग्रज पाद्र्याने १८०२ मध्ये घड्याळाचं उदाहरण दिलं, घड्याळ आहे म्हणजे ते बनवणारा कोणीतरी असणार. १८५९ नंतर, म्हणजे डार्विनने नैसर्गिक निवड मांडल्यावर, प्राण्यांच्या रचनेवरून देव सिद्ध करणं अवघड झालं, पण मुळात काहीच नसण्याऐवजी काहीतरी का आहे हा प्रश्न त्याने सुटला नाही आणि आजचे विचारी आस्तिक बहुतेक तिथूनच बोलतात. सतराव्या शतकातल्या पास्कल या फ्रेंच गणितज्ञाची पैज म्हणजे देव मानण्यात तोटा कमी फायदा अमर्याद, ती प्रसिद्ध आहे खरी पण फायद्यासाठी मनापासून विश्वास ठेवता येतो का ही अडचण उरतेच.

न मानण्यामागचं सगळ्यात जड कारण दुःख. सातव्या शतकाच्या सुमारास कुमारिल भट्टांनी विचारलं होतं, की ईश्वराने करुणेपोटी जग निर्माण केलं म्हणता तर निर्मितीच्या आधी करुणा करायला होतं कोण, आणि करुणाच होती तर मग इतकं दुःखाचं जग का केलं? कुमारिल वेद मानणारे मीमांसक, म्हणजे वेदातल्या कर्माला प्रमाण मानणाऱ्या दर्शनाचे होते हे इथे मुद्दाम सांगायला हवं, म्हणजे धर्म मानणं आणि जगाचा कर्ता देव मानणं या एकच गोष्टी नाहीत.

१ नोव्हेंबर १७५५ ला पोर्तुगालमधल्या लिस्बनला भूकंप झाला, सणाचा दिवस, सकाळची वेळ, चर्च माणसांनी भरलेली, ती त्यांच्या अंगावर कोसळली, मग समुद्र आत आला आणि वर आग कितीतरी दिवस पेटत राहिली. हजारो माणसं गेली. जे आहे ते सगळं चांगल्यासाठीच आहे असं म्हणणाऱ्यांवर फ्रेंच लेखक व्हॉल्तेर तुटून पडला, त्यावर तत्त्वज्ञ रूसोने लिहिलं की इतकी सहा-सात मजली घरं एका जागी दाटीने निसर्गाने नव्हती बांधली. रूसोचं उत्तर माणसाच्या वाट्याचा दोष दाखवतं पण जमीन हललीच का ते सांगत नाही. डार्विनलाही हेच खुपलं, १८६० मध्ये वनस्पतीशास्त्रज्ञ एसा ग्रे यांना लिहिलेल्या पत्रात तो म्हणतो की जिवंत अळीचं शरीर आतून खाऊन वाढणारी गांधीलमाशी दयाळू देवाने मुद्दाम घडवली असेल हे मला पटवून घेता येत नाही. स्वतंत्र इच्छा, कर्मफळ, दुःखातून घडणारं मन, ही उत्तरं आस्तिक परंपरांनी मनापासून शोधली आहेत आणि ती हसण्यावारी नेण्यासारखी नाहीत, पण लहान मुलाच्या आजारापुढे ती मला अपुरी वाटतात.

आणि तरीही दुःखाने माणूस देवापासून लांबच जातो असं नाही. २०११ च्या फेब्रुवारीत न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चला मोठा भूकंप झाला, तिथल्या लोकांचा आधीपासून चालू असलेला सर्व्हे होता म्हणून आधीचं नंतरचं ताडून बघता आलं, तर देशात इतरत्र धर्म मानणाऱ्यांचं प्रमाण कमी होत असताना ज्यांना भूकंपाची झळ बसली त्यांच्यात ते वाढलेलं दिसलं. एकच आघात एकाला देवाकडे नेतो, दुसऱ्याला तोडतो.

न मानण्याची बाकी कारणं म्हणजे पुरावा नाही, धर्म अनेक आणि त्यांचे दावे एकमेकांना छेद देणारे, देवाच्या नावाने झालेला छळ. पुराव्याबद्दल इंग्रज गणितज्ञ क्लिफर्डने १८७७ मध्ये कडक भूमिका घेतली, अपुऱ्या पुराव्यावर काहीही मानणं चूकच. अमेरिकन तत्त्वज्ञ विल्यम जेम्सने १८९६ मध्ये उत्तर दिलं की काही निर्णय टाळताच येत नाहीत आणि पुरावा कधी पुरा होत नाही, तिथे मनाचा कौल घेण्याचा हक्क माणसाला आहे. शिवाय जिथे आरोग्य, उत्पन्न, म्हातारपण याची शाश्वती आहे अशा बऱ्याच देशांत धर्माची पकड सैल झालेली दिसते, वादात हरून नव्हे, तर गरज कमी वाटते म्हणून.

मधले लोकही खूप आहेत. हे कळण्यासारखंच नाही म्हणणाऱ्या अज्ञेयवादाला इंग्रज जीवशास्त्रज्ञ टी. एच. हक्सलीने १८६९ मध्ये नाव दिलं. डेन्मार्कमध्ये बहुसंख्य लोक चर्चचे सभासद आहेत पण त्यातल्या अनेकांचा देवावर फारसा विश्वास नाही, तर ब्रिटनमध्ये समाजशास्त्रज्ञ ग्रेस डेव्ही यांना १९९० च्या दशकात उलटं चित्र दिसलं, लोक देव मानत होते पण चर्चला जात नव्हते.