कोकणातील रक्तसाठवणूक केंद्रे आणि ‘तपासलेले रक्त’: पार्श्वभूमी

रक्तगटांचा शोध विसाव्या शतकाच्या आरंभी लागला, तरी आपल्याकडे दात्याच्या रक्ताच्या तपासणीला आजचे सक्तीचे रूप येऊ लागले ते १९८९ पासून, एचआयव्हीची चाचणी बंधनकारक होऊ लागल्यावर. १९९६ च्या न्यायालयीन निकालाने विनापरवाना रक्तपेढ्या आणि पैसे घेऊन रक्त देण्याची प्रथा या दोहोंवर बंदीचा मार्ग मोकळा केला. २००१ मध्ये हिपॅटायटिस ‘सी’ची चाचणी सक्तीची झाली आणि एचआयव्ही, हिपॅटायटिस ‘बी’, सिफिलिस व मलेरिया यांच्यासह पाच सक्तीच्या चाचण्यांची यादी पूर्ण झाली.

कोकणाच्या दृष्टीने त्याच वर्षाअखेरचा दुसरा निर्णय अधिक मोलाचा आहे. वर्षाला दोन हजार पिशव्यांपर्यंत गरज असलेल्या रुग्णालयांना रक्तपेढीच्या परवान्याशिवाय रक्त साठवण्याची मुभा मिळाली; हीच रक्तसाठवणूक केंद्रे. मंडणगड तालुक्यापासून जिल्ह्याचे ठिकाण असलेले रत्नागिरी शंभर किलोमीटरहून अधिक दूर आहे. बाळंतपणात रक्तस्राव सुरू झाला तर पावसाळ्यात ते अंतर कापण्याइतका वेळ हाती नसतो. म्हणून हा निर्णय योग्यच होता.

मात्र त्यातून ‘तपासलेले रक्त’ या शब्दांचा गुंता वाढला. साठवणूक केंद्रात पिशवी येते ती मूळ रक्तपेढीत पाचही चाचण्या होऊनच. केंद्रातील तंत्रज्ञ रुग्णाचा गट पाहतो आणि क्रॉस मॅच करतो, म्हणजे रुग्णाचे रक्त त्या पिशवीतील रक्ताशी जुळते का, एवढेच तपासतो. पिशवीत संसर्ग आहे का, हे त्या तपासणीत कळत नाही. दोन्हींना ‘तपासणी’च म्हटले जाते, म्हणून नातेवाईक बाह्या सरसावून पुढे येतात: ‘आमचेच घ्या, इथेच तपासा आणि लगेच चढवा.’ केंद्राला रक्त घेण्याचा अधिकारच नाही, आणि हे नीट न सांगितल्याने कर्मचाऱ्यांवर हयगयीचा आरोप होतो. माझ्या मते रुग्णालयाच्या दर्शनी भागात याचा ठळक फलक असणे अत्यावश्यक आहे.

२०२० मध्ये नियमांत ‘रक्तपेढी’ऐवजी ‘रक्तकेंद्र’ हा शब्द आला, त्यामुळे ‘रक्तकेंद्र’ आणि ‘रक्तसाठवणूक केंद्र’ ही नावे आणखी जवळ आली. त्यानंतर चर्चा वळली ती ‘नॅट’ या चाचणीकडे. नव्या संसर्गात प्रतिपिंडे (संसर्गाशी लढण्यासाठी शरीर बनवते ती प्रथिने) तयार होण्यापूर्वीच ती विषाणूचा अंश शोधते, पण खर्चिक असल्याने देशभर सक्तीची नाही. ती झालीच तर मूळ रक्तकेंद्रातच होईल. तालुक्याच्या ठिकाणी मात्र तेव्हाही गट आणि क्रॉस मॅच एवढेच पाहिले जाईल.