बारावीला साठच्या खाली, मग वकिली विसरा?

"बारावीला ६० टक्क्यांच्या खाली असाल तर लॉ विसरा" हा फॉरवर्ड कधीपासून फिरतोय, आणि निकाल लागला की घरोघरी खरा वाटतो, साहजिक आहे. पण तसं नाहीये. पाच वर्षांच्या लॉला ओपनला बारावीत ४५ टक्के लागतात, ओबीसीला ४२, एससी-एसटीला ४०, आणि महाराष्ट्रात पुढची मेरिट लिस्ट सीईटीच्या स्कोअरवर लागते, त्यामुळे खरी मारामारी तिथे. बारावीत ४५ पण नाहीत? मग आधी बीए-बीकॉम करा, तीन वर्षांच्या लॉला ग्रॅज्युएशनचे टक्के बघतात. खात्री करायचीय तर सीईटीच्या माहितीपुस्तिकेतलं पात्रतेचं पान उघडा, क्लासवाल्यांची जाहिरात नको, आणि मार्कशीटवरचे एकूण टक्के त्याच्याशी ताडून बघा.