नाच बसवणं आणि नाच शिकवणं

"ताई, मुलीचा एक डान्स बसवून द्याल का? पंधरा दिवसांवर गॅदरिंग आलंय." नोव्हेंबर उजाडला की मुंबईतल्या कुठल्याही नृत्यवर्गात हा फोन येतो. जूनमध्ये फोन येतो तो वेगळा: "मुलीला डान्स शिकवायचाय." दोन्ही कामं 'डान्स क्लास' या एकाच पाटीखाली चालतात, म्हणून पालकांना ती एकच वाटतात. मी कथक शिकवते आणि आजवर दोन्ही कामं केली आहेत. त्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

बसवणाऱ्याच्या हातात गाणं, तारीख आणि समोर असतील ती माणसं असतात. कुणी कुठून यायचं, कडव्याला रांग कशी मोडायची, शेवटची पोझ कोणती, हे सगळं त्याला तेवढ्या दिवसांत जमवायचं असतं. हे फार कसबाचं काम आहे. ज्या मुलाचा हात सैल पडतो त्याला तो मागच्या रांगेत नेतो आणि जिचा चेहरा बोलका तिला मध्ये घेतो. गिरकी जमत नसेल तर गिरकीच काढून टाळी घालतो. म्हणजे दोष झाकणं हा त्याच्या कामाचा भागच आहे, आणि त्यात काही वावगं नाही. प्रेक्षकाला नाच चांगला दिसला पाहिजे.

शिकवणाऱ्याला नेमका तोच दोष उघडा करावा लागतो.

माझ्याकडे सहावीतली एक मुलगी आहे. तत्काराला, म्हणजे तालावर पाय वाजवण्याच्या मूळ सरावाला, उभी राहिली की 'ता थेई थेई तत्' झकास, पण 'आ थेई थेई तत्'ला डावा पाय हलका पडतो. बरोबरीने नाचणाऱ्या दहाजणींत ते कुणाच्या लक्षातही येणार नाही. म्हणून मी तिला एकटीला उभी करते, घुंगरू काढायला लावते आणि अनवाणी पायाचा आवाज ऐकते. घुंगरांच्या गजरात कच्चा पाय लपतो, फरशीवर लपत नाही. ठाय, म्हणजे संथ लयीत पाय स्वच्छ वाजला तरच दुगुन, म्हणजे दुप्पट लय. चौपट लयीची चौगुन अजून लांब आहे. तिची आई दर महिन्याला विचारते, "नवीन काही घेतलं का?" मी सांगते, "डावा पाय घेतलाय."

दुसरा फरक मोजण्यात आहे. बसवताना आपण 'फाइव्ह, सिक्स, सेव्हन, एट' म्हणतो, कारण गाण्यातली जागा पटकन पकडायची असते. शिकवताना मुलीला हातावर टाळी-खाली दाखवत ताल धरून तोडा, म्हणजे बोलांची छोटी रचना, आधी तोंडाने म्हणायला लावतो, याला पढंत म्हणतात. त्रितालाच्या १६ मात्रांत तिहाई (तीनदा घ्यायचा तुकडा) कुठून उचलली की तिसरा 'धा' समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर पडेल, हे तिचं तिला उमगलं पाहिजे.

एकदा शाळेच्या कार्यक्रमात मी बसवलेला नाच चालू असताना मध्येच गाणं बंद पडलं. नऊ मुली विंगेकडे बघत थांबल्या. त्या मला बघत होत्या, कारण नाच माझ्याकडे होता, त्यांच्याकडे नव्हता. पाच वर्षं शिकलेली दहावी मुलगी तेवढी गप्प उभी राहिली नाही. तिने तत्कार धरला, आणि हळूहळू बाकीच्यांचे पाय तिच्या पायाला मिळाले. तो आवाज मी विसरलेले नाही.

एकच माणूस दोन्ही करू शकतो. मुंबईचे आचार्य पार्वतीकुमार हे त्याचं मोठं उदाहरण. ते नृत्यरचनाकार होते आणि भरतनाट्यमचे गुरूही. तंजावरच्या सरफोजीराजांनी नृत्यासाठी मराठीत लिहिलेली निरूपणं, म्हणजे नाचायच्या पद्यरचना, त्यांनी अभ्यासली आणि रंगमंचावर आणली. त्यांच्या शिष्या सुचेता भिडे-चापेकर यांनी पुढे हिंदुस्तानी संगीतावर भरतनाट्यमच्या रचना केल्या आणि त्याला 'नृत्यगंगा' नाव दिलं. मला यात गुरूची खरी ओळख दिसते. बसवलेला नाच जसाच्या तसा परत करता येतो, पण घडलेला शिष्य एक दिवस स्वतःची वाट काढतो.

सिनेमातही सगळं नुसतं बसवण्यावर चालत नाही. सरोज खान आधी समूहात नाचल्या, मग बी. सोहनलाल यांच्या हाताखाली साहाय्यक झाल्या आणि त्यानंतर स्वतः 'मास्टरजी' झाल्या. हाताखाली राहणं हीसुद्धा तालीमच.

इथे पालकांची आणखी एक गल्लत होते: शास्त्रीय म्हणजे शिकवणं आणि बॉलिवूड किंवा हिपहॉप म्हणजे बसवणं. तसं मुळीच नाही. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिकपासून विशारदपर्यंतच्या परीक्षा पाठ करून 'बसवलेल्या' मुली मी पाहिल्या आहेत. ठरलेले तोडे चोख करतात, लय किंचित बदलली की कोसळतात. उलट हिपहॉपचा चांगला शिक्षक मुलांना गोलात उभं करतो, अनोळखी गाणं लावतो आणि एकेकाला मध्ये ढकलतो. तिथे पाठांतराचा काही उपयोग नसतो. ते शिकवणंच आहे.

वर्ग निवडताना म्हणून मी पालकांना वार्षिक कार्यक्रमाचे व्हिडिओ बघू नका म्हणते. मंगळवारच्या साध्या तासाला दाराशी बसा. शिक्षक मुलांपुढे नाचून नुसतं 'मागे करा' म्हणतात, की मध्ये थांबून एखाद्याचा खांदा, टाच, नजर सुधारतात? मूल चुकलं तर चूक त्याला शोधू देतात का? भरतनाट्यमच्या वर्गात अरमंडी (गुडघे बाहेर वाकवलेली अर्धी बैठक) सुटली की तट्टकळी (गुरूची ताल देणारी काठी) थांबते का? आणि 'अजून एक वर्ष थांबू' हे सांगायचं धाडस त्यांच्यात आहे का? अरंगेत्रमची, म्हणजे शिष्येच्या पहिल्या एकल रंगमंच-प्रवेशाची तारीख हॉलच्या बुकिंगवरून ठरत असेल, तर मला त्या मुलीची काळजी वाटते.

लग्नातल्या संगीताला किंवा सोसायटीच्या गणपतीला नाच हवा असेल, तर बसवून घ्या, खुशाल घ्या. चांगला बसवणारा शोधा आणि त्याला त्याचे पैसे नीट द्या. फक्त त्या पंधरा दिवसांनंतर "मुलगी डान्स शिकतेय" असं समजू नका.

सहावीतल्या त्या मुलीला यंदा गॅदरिंगच्या नाचात मी पहिल्या रांगेत ठेवलंय, कारण तो नाच मी बसवलाय आणि तिचा चेहरा छान आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता ती पुन्हा अनवाणी फरशीवर उभी असेल, डाव्या पायासाठी.