मेडिगॅप कधीही मिळतं? नाही

अमेरिकेतल्या ज्येष्ठांमध्ये वर्षानुवर्षं एक समज फिरतो: आज स्वस्तातलं मेडिकेअर ॲडव्हान्टेज (मेडिकेअर या सरकारी आरोग्यविम्याची खासगी कंपनीमार्फतची योजना) घ्या, तब्येत बिघडली की दरवर्षीच्या १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबरच्या खिडकीत मूळ, म्हणजे थेट सरकारी मेडिकेअर आणि त्यात न भागणारा खर्च उचलणाऱ्या मेडिगॅप या खासगी पूरक विम्याकडे वळा.

यातलं निम्मंच खरं. मूळ मेडिकेअरमध्ये परतता येतं, पण मेडिगॅप देण्याची सक्ती त्या खिडकीत कंपनीवर नसते. ती असते ६५ पूर्ण आणि पार्ट बी (मेडिकेअरचा डॉक्टर व बाह्यरुग्ण उपचारांचा भाग) सुरू झाल्यापासून फक्त ६ महिने. ग्रीनकार्डावरच्या आई-बाबांना पाच वर्षांच्या वास्तव्यानंतर, सत्तरीत पार्ट बी मिळाला, तर त्यांचे ६ महिने तेव्हापासून मोजा. नंतर बहुतेक राज्यांत आजारांची चौकशी होते, नकारही येतो. न्यूयॉर्क, कनेक्टिकटसारखी मोजकी राज्यं अपवाद. पासष्टीला थेट ॲडव्हान्टेज घेतलेल्यांना पहिल्या १२ महिन्यांत मूळ मेडिकेअरमध्ये परतून मेडिगॅप मिळण्याची हमी असते.

खरा घात क्रम चुकल्याने होतो. आधी ॲडव्हान्टेज सोडलं आणि मेडिगॅप नाकारलं गेलं, तर पार्ट बीच्या खर्चातला २० टक्के वाटा खिशातून, तोही कमाल मर्यादेविना. म्हणून आधी मेडिगॅपचा अर्ज, १ जानेवारीपासूनची लेखी मंजुरी, मगच ७ डिसेंबरच्या आत औषधांचा स्वतंत्र विमा, म्हणजे पार्ट डी. तो घेतला की एचएमओ किंवा पीपीओ प्रकारचं (डॉक्टरांच्या ठरलेल्या जाळ्यावर चालणारं) ॲडव्हान्टेज आपोआप सुटतं.