मँचेस्टरच्या नळाचं मूळ दलदलीत

2025 च्या मे महिन्यात इंग्लंडच्या वायव्य भागात दुष्काळ जाहीर झाला. जुलैत शेजारच्या यॉर्कशरमध्ये बागेला नळीनं पाणी घालायला बंदी आली. मँचेस्टरच्या आसपास दुष्काळ म्हटल्यावर आपल्याकडे कुणालाही नवल वाटेल, तिथे तर बारा महिने पाऊस. धो धो पावसाच्या गावातही उन्हाळ्यात टँकर येतो हे शहापूर-इगतपुरीकडच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही, इंग्लंडबद्दलचा आपला समज मात्र पक्का असतो.

अशा वेळी तिथली चर्चा ठरलेल्या वाटेनं जाते. 1989 मध्ये इंग्लंड आणि वेल्समधला सरकारी पाणीपुरवठा खासगी कंपन्यांकडे गेला. 1992 मध्ये कार्सिंग्टन जलाशय सुरू झाला, त्यानंतर एकही मोठा नवा जलाशय पुरा झाला नाही. जलवाहिन्यांतून रोज सुमारे 300 कोटी लिटर पाणी गळतं. नद्यांत सांडपाणी सोडलं जातं. यावरचा लोकांचा संताप रास्तच आहे. 2014 च्या कायद्यानं ‘ऑफवॉट’ या नियामक संस्थेवर पाणीपुरवठा संकटातही तग धरेल हे पाहण्याची जबाबदारी टाकली, तेही चांगलंच झालं. पण हा विचार बहुतेक वेळा धरणाच्या भिंतीपासून खाली सरकतो: पंप, टाक्या, वाहिन्या. भिंतीच्या वरच्या अंगाला काय आहे याची दखल फार उशिरा घेतली गेली. तिथे पीट आहे, म्हणजे दलदलीत साचलेला अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर. दोन-तीन मीटर जाडीच्या त्या काळ्या चिखलात जे रसायनशास्त्र चालतं, त्याच्याइतकं सुंदर फार थोडं काही माझ्या वाचनात आलं आहे.

मँचेस्टरच्या पूर्वेला पेनाइन डोंगर आहेत. त्यातल्या लाँगडेनडेल खोऱ्यात जॉन फ्रेडरिक बेटमन या अभियंत्यानं 1848 पासून जलाशयांची एक साखळीच उभी केली. सुती गिरण्यांचं शहर वाढत होतं, त्याला पाणी हवं होतं. खोऱ्याच्या माथ्यावर ब्लीकलोसारखी पठारं आहेत आणि त्यांच्यावर पीटचं पांघरूण. सतत ओल्या, थंड, आम्लधर्मी जागी स्फॅग्नम नावाचं शेवाळ वाढतं. ते मरतं पण पुरतं कुजत नाही. वर्षाला साधारण एक मिलिमीटर या हिशोबानं त्याचा थर साचत जातो. म्हणजे मीटरभर पीट म्हणजे हजारेक वर्षं.

ते कुजत का नाही? ‘प्राणवायू नाही म्हणून’ हे शाळेतलं उत्तर बरोबर आहे, पण अपुरं. लोणच्याच्या बरणीत फोडींवर तेल असतं तसं पीटवर पाणी असतं. तेलाची पातळी फोडींच्या खाली गेली की बुरशी धरते, हे घरोघरी माहीत आहे. आता खरी गंमत पाहा. वनस्पतींचे अवशेष तोडणारी बरीचशी विकरं (एन्झाइम) हायड्रोलेज गटातली असतात आणि त्यांना कामासाठी प्राणवायू लागतच नाही. मग पाण्याखालीही त्यांनी आपलं काम करायला हवं. ती करत नाहीत, कारण त्यांना फिनॉलिक संयुगं अडवून धरतात. ही संयुगं शेवाळातून आणि इतर वनस्पतींतून येतात. त्यांचा नाश करणारं एक विकर असतं, फिनॉल ऑक्सिडेज, आणि प्राणवायू लागतो तो नेमका त्याला! पाण्याखाली हे एकच विकर थंड पडतं, म्हणून फिनॉलिक संयुगं साचतात, म्हणून बाकीची विकरं हतबल होतात, म्हणून हजारो वर्षांचा कार्बन जागच्या जागी राहतो. वेल्समधल्या बँगोर विद्यापीठाचे ख्रिस फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी 2001 मध्ये ‘नेचर’मध्ये ही कल्पना मांडली आणि तिला ‘विकरांची कडी’ म्हटलं. एवढ्या मोठ्या साठ्याचं दार एका विकराच्या कडीवर बंद आहे.

ही कडी निघाली की काय होतं ते पाणी कंपनीच्या दृष्टीनं महत्त्वाचं. कोरड्या उन्हाळ्यात पाण्याची पातळी खाली जाते, हवा आत शिरते, फिनॉल ऑक्सिडेज जागं होतं, फिनॉलिक संयुगं घटतात आणि हायड्रोलेज मोकळी सुटतात. पुढे पाऊस येऊन पीट पुन्हा भिजलं तरी संयुगांचा साठा लगेच भरून येत नाही, त्यामुळे कूज चालूच राहू शकते. दुष्काळ संपल्याची घोषणा होते, पण दलदलीतला दुष्काळ संपलेला नसतो. सगळ्याच दलदली असं वागत नाहीत. जिथे लोह भरपूर आहे तिथे हवा शिरल्यावर ते लोहच फिनॉलिक संयुगांना बांधून ठेवतं आणि परिणाम उलटा होऊ शकतो, असंही संशोधन आहे.

कुजलेल्या पीटमधला विरघळलेला सेंद्रिय कार्बन ओढ्यांतून जलाशयात उतरतो. पाणी चहाच्या रंगाचं होतं. ती घाण नव्हे, तेवढ्यानं कुणी आजारी पडत नाही. पण शुद्धीकरण केंद्रात त्याच पाण्यात क्लोरीन पडतो. क्लोरीन आणि हे सेंद्रिय पदार्थ एकत्र आले की ट्रायहॅलोमिथेन नावाची संयुगं तयार होतात, क्लोरोफॉर्म त्यांतलंच एक. हे 1974 मध्ये रॉटरडॅमच्या पाणीपुरवठ्यात काम करणाऱ्या योहानेस रूक यांनी दाखवून दिलं. ब्रिटनमध्ये त्यांची मर्यादा लिटरला 100 मायक्रोग्रॅम आहे. म्हणून क्लोरीनच्या आधी लोहाचे किंवा अॅल्युमिनियमचे क्षार घालून रंग खाली बसवावा लागतो. पाणी जितकं तपकिरी तितका क्षार जास्त, गाळ जास्त, वीज जास्त. वरची दलदल बिघडली की खालच्या केंद्राचा खर्च वाढतो, तो असा.

ब्लीकलोची दलदल बिघडली त्यात आपल्या कापसाचाही एक धागा आहे. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात, 1861 ते 65 मध्ये, वऱ्हाड-खानदेशचा कापूस मुंबईमार्गे लँकेशरच्या गिरण्यांकडे जात होता. त्या गिरण्यांच्या कोळशाच्या धुरातलं गंधक पठारांवर पडत राहिलं आणि स्फॅग्नम जवळजवळ नाहीसं झालं. ते गंधक अजून पीटमध्ये आहे. दुष्काळात त्याचं ऑक्सिडीकरण होऊन सल्फेट आणि आम्ल बनतं, आम्लात सेंद्रिय द्रव्य कमी विरघळतं, त्यामुळे ऐन उन्हाळ्यात ओढा स्वच्छ दिसतो. मग पावसानं आम्ल धुऊन गेलं की शरद ऋतूत रंगाचा लोंढा येतो. ब्रिटनमधल्या अनेक डोंगराळ तळ्यांचं पाणी गेल्या काही दशकांत गडद झालं. त्यामागचं एक मोठं कारण आम्लवर्षा कमी होणं हेच आहे, असं 2007 च्या एका अभ्यासात दिसलं. हवा सुधारली आणि पाणी तपकिरी झालं! सगळा दोष दलदल उपसणाऱ्यांवर टाकता येत नाही.

उपसलं मात्र भरपूर. आपल्याकडे समतल चर खणतात ते पाणी अडवायला. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनच्या पठारांवर सरकारी अनुदानातून हजारो चर खणले गेले ते पाणी काढून टाकायला, मेंढ्यांना चराई वाढावी म्हणून. आता त्याच चरांत थोड्या थोड्या अंतरावर पीटचे, दगडांचे, लाकडाचे बांध घालावे लागत आहेत. ‘युनायटेड युटिलिटीज’ या कंपनीनं पक्षीसंवर्धनाचं काम करणाऱ्या ‘आरएसपीबी’बरोबर 2005 पासून आपल्या मालकीच्या सुमारे 20,000 हेक्टर पाणलोटावर हे काम हाती घेतलं. ग्राहकांच्या बिलातला पैसा सिमेंटऐवजी शेवाळावर खर्च करायला नियामकानं मान्यता दिली. मला हा निर्णय धरण बांधण्याइतका मोठा वाटतो.

याच क्षेत्रातली एक गोष्ट मात्र खटकते. 2017 मध्ये सॅली ल पेज या जीवशास्त्रज्ञ तरुणीनं ब्रिटनच्या पाणी कंपन्यांना विचारलं, तुमचे कर्मचारी जमिनीखालचं पाणी शोधायला काड्या वापरतात का? बारापैकी दहा कंपन्यांचं उत्तर होकारार्थी आलं. आपला पाणाड्या हातावर नारळ उभा करतो किंवा बेचक्याची फांदी धरतो, त्यांचा कर्मचारी वाकवलेल्या तारा धरतो. नियंत्रित चाचण्यांत या विद्येला यश आलेलं नाही. वाहिनीची गळती ध्वनिमापकानं सापडते, विहिरीची जागा भूजलशास्त्रानं ठरवावी. पाण्याच्या शास्त्रात एवढी प्रगती झालेली असताना काड्यांना थारा का द्यायचा?

अतिशयोक्ती दुसऱ्या बाजूनंही होते. ‘दलदल स्पंजसारखा पूर शोषते’ हे वाक्य पर्यावरणाच्या पत्रकांत नेहमी भेटतं. निरोगी दलदल आधीच काठोकाठ भरलेली असते, ती आणखी काय शोषणार? ती पूर मंदावते ते वेगळ्या कारणानं. शेवाळाच्या दाट, खडबडीत गादीतून पाणी वाट काढत हळू वाहतं, उघड्या पीटवरून मात्र सुसाट पळतं. बांध घातल्यावर पाण्याची पातळी लवकर वर येते. रंग कमी व्हायला वर्षं लागतात, आणि काही ठिकाणी अजून ठळक फरक दिसलेला नाही. कडी निघायला एक उन्हाळा पुरतो, बसायला किती वेळ लागेल हे जागेवर अवलंबून आहे. कंपन्यांचं नियोजन मात्र पाच-पाच वर्षांचं. 2025 ते 30 या टप्प्यासाठी ऑफवॉटनं 104 अब्ज पौंडांच्या खर्चाला परवानगी दिली आहे.

पीटमधली पाण्याची पातळी मोजायला फार काही लागत नाही. भोकं पाडलेली प्लास्टिकची नळी पीटमध्ये रोवायची आणि आत पाणी किती खोल आहे ते पाहायचं. जलाशय किती टक्के भरले याचे आकडे दर उन्हाळ्यात वर्तमानपत्रांत येतात, लोक ते क्रिकेटच्या धावफलकासारखे वाचतात. त्याच तक्त्यात आणखी एक रकाना हवा: वरच्या पठारावर पाणी पृष्ठभागापासून किती सेंटिमीटर खाली गेलं. तो आकडा वाढू लागला की येत्या शरद ऋतूत, आणि कदाचित पुढची काही वर्षं, शुद्धीकरण केंद्राला किती क्षार लागेल याचा अंदाज महिनोन्‌महिने आधी बांधता येईल.