अमोनियम नायट्रेट

अमोनिया व नायट्रिक अम्ल यांच्या विक्रियेतून मिळणारा पांढरा, स्फटिकी क्षार. हवेतला ओलावा तो चटकन ओढून घेतो. पाण्यात भरपूर विरघळतो आणि विरघळताना उष्णता शोषतो, म्हणून प्रथमोपचारातील तात्काळ गार होणाऱ्या पिशव्यांत तो भरतात. त्यात वजनाने ३५ टक्के नायट्रोजन असल्याने जगभर तो मुख्यतः खत म्हणून खपतो.

नागपूर परिसरात त्याचे नाते शेतीपेक्षा खाणींशी अधिक आहे. उमरेड, सावनेर भागातील उघड्या कोळसा खाणींत सुरुंगासाठी लागणाऱ्या स्फोटकांचा तो मुख्य घटक. देशभरातील स्फोटकांच्या परवान्यांवर देखरेख करणाऱ्या ‘पेसो’ या केंद्रीय संस्थेचे मुख्यालयही नागपुरातच आहे. २०१२ च्या नियमांनुसार ४५ टक्क्यांहून अधिक अमोनियम नायट्रेट असलेल्या मिश्रणाचे उत्पादन, साठा, वाहतूक व विक्री परवान्याशिवाय करता येत नाही.

साठवणीतली खरी अडचण ३२ अंश सेल्सिअसला सुरू होते. या तापमानाला स्फटिकाची रचना बदलते व आकारमान वाढते. थंड झाल्यावर ते पुन्हा आक्रसते. विदर्भात धोका फक्त मे महिन्यातच, असे समजणे चूक आहे. मार्चमध्ये किंवा ऑक्टोबरमध्ये दुपार ३२ च्या वर आणि पहाट बरीच खाली असते, त्यामुळे पत्र्याच्या तापलेल्या गोदामात हा बदल रोज घडू शकतो. दाणे फुटून भुकटी होते, ओल धरते आणि माल दगडासारखा घट्ट बसतो. जर्मनीतील ओपाऊ येथे १९२१ मध्ये असाच घट्ट बसलेला, अमोनियम सल्फेट मिसळलेला साठा मोकळा करण्यासाठी सुरुंग लावले गेले आणि पाचशेहून अधिक माणसे मेली.

शुद्ध अमोनियम नायट्रेट स्वतः जळत नाही. सुमारे १७० अंशांना वितळते आणि २१० च्या पुढे वेगाने विघटित होऊ लागते. मात्र ते जळणाऱ्या वस्तूला ऑक्सिजन पुरवते. डिझेल, भुसा, क्लोराइडे किंवा तांब्याचा अंश मिसळला आणि वाफा कोंडल्या, तर आगीचा स्फोट होतो. बैरूत बंदरात ४ ऑगस्ट २०२० रोजी सुमारे २,७५० टन साठा उडाला, त्यात दोनशेहून अधिक बळी गेले. अशी आग वाळू टाकून किंवा दारे बंद करून विझत नाही, उलट कोंडल्याने धोका वाढतो. सुरुवातीलाच भरपूर पाणी मारावे व दारे-खिडक्या उघड्या ठेवाव्यात. तपकिरी धूर विषारी नायट्रोजन ऑक्साइडांचा असतो. तो दिसला आणि आग साठ्यापर्यंत पोहोचली, की पाइप सोडून माणसे दूर न्यावीत.